घराचा नकाशा आणि घराचे गणित



‘घर पाहावे बांधून’ ही म्हण आपण सर्वजण जाणतो. आपल्या शाळेतील अनेक कुटुंबे जुन्या इंदूरचे वाडे व भाड्याची घरे सोडून नव्या कॉलन्यांत राहायला जात आहेत. कोणी प्लॉट घेतला आहे, कोणाचा नकाशा नगर निगममध्ये आहे, तर कोणाचे काम अर्ध्यावर थांबले आहे. काम अर्ध्यावर थांबले की त्याचा परिणाम मुलांच्या अभ्यासावर व आजी-आजोबांच्या औषधांवर होतो, हे आम्ही शाळेत बसूनही पाहतो. म्हणून या अंकात घराचाच पाठ घेऊ. त्यात गणित आहे, भूगोल आहे आणि नागरिकशास्त्रही आहे.

आपल्या शहरातील उदाहरण

या विषयाचे जगभर अभ्यासले जाणारे उदाहरण इंदूरमध्येच आहे. शहराच्या ईशान्येला, ए. बी. रोडजवळ ‘अरण्य’ नावाची वसाहत आहे. इंदूर विकास प्राधिकरणासाठी तिची आखणी वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी व त्यांच्या वास्तुशिल्प फाउंडेशनने केली. दोशी यांचा जन्म १९२७ चा, पुण्याचा. अरण्यला १९९५ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये दोशी प्रित्झकर पुरस्काराचे पहिले भारतीय मानकरी ठरले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

१९८० च्या दशकात आखलेल्या या वसाहतीत सुमारे ६,५०० प्लॉट होते. सर्वांत लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ३७७ चौरस फुटांचा. गरीब कुटुंबाला तयार घर दिले नाही. प्लॉट, पक्का चौथरा, नळ-शौचालयाचा भाग आणि एक खोली एवढेच दिले. सुरुवातीची रक्कम कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरवली व उरलेले कर्ज मासिक हप्त्यांनी फेडायचे होते. पुढचे घर प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे वाढवायचे. कसे वाढवता येईल हे दाखवण्यासाठी नमुन्याची ८० घरे बांधली. आज तेथील अनेक घरांवर मजले चढले आहेत आणि नमुन्याची घरेही बरीच बदलली आहेत. घर वाढते असावे, हीच तर मूळ कल्पना होती.

यातून आपण दोन गोष्टी शिकतो. जे नंतर बदलणे कठीण, म्हणजे पाया, पाणी व सांडपाण्याची व्यवस्था, ते आधी व पक्के करावे. जे नंतर जोडता येते, ते पैसा आल्यावर करावे.

बजेट : आधी वजाबाकी, मग भागाकार

बहुतेक लोक आधी घर किती मोठे हवे ते ठरवतात आणि मग पैसे शोधतात. आमच्या मते क्रम उलटा असावा.

पहिली पायरी : आपल्याजवळ खरोखर किती रक्कम आहे ते लिहा. मुलांच्या शिक्षणाची ठेव, वडीलधाऱ्यांच्या उपचाराचे पैसे आणि सहा महिन्यांचा घरखर्च यात धरू नका. हे पैसे घराचे नाहीत.

दुसरी पायरी : बांधकामाबाहेरचा खर्च वजा करा. रजिस्ट्री, नकाशा मंजुरी, आर्किटेक्टची फी, विजेचे व नळाचे कनेक्शन, बोरिंग, कंपाउंडची भिंत, आणि काम चालू असेपर्यंतचे भाडे. ठेकेदाराच्या अंदाजात यातील बरेच काही नसते.

तिसरी पायरी : निदान दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी बाजूला ठेवा.

चौथी पायरी : उरलेल्या रकमेला बांधकामाच्या दराने भागा.

उदाहरण पाहू. प्लॉट घेऊन झाला आहे व हातात २४ लाख रुपये आहेत. इतर खर्च ४ लाख, राखीव २ लाख. उरले १८ लाख. हिशोबापुरता दर चौरस फुटाला १,८०० रुपये धरला, तर घर १,००० चौरस फुटांचे होईल. खरा दर आजच्या बाजारात दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावा.

आता कर्ज. १५ लाख रुपये, ९ टक्के व्याज. २० वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे १३,४९६ रुपये येतो आणि एकूण सुमारे ३२ लाख ३९ हजार रुपये फेडावे लागतात. तेच कर्ज १० वर्षांत फेडले, तर हप्ता सुमारे १९,००१ रुपये आणि एकूण सुमारे २२ लाख ८० हजार. दरमहा साडेपाच हजार जास्त दिले की साडेनऊ लाखांहून अधिक वाचतात. दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित घरी आई-बाबांबरोबर बसून करावे.

नकाशा : मोजून काढा

आतून १० फूट बाय १० फुटांची खोली घ्या. चारही बाजूंनी ९ इंचांची भिंत धरली, तर बाहेरून ती साडेअकरा बाय साडेअकरा होते. म्हणजे १०० चौरस फूट वापरायला सव्वाबत्तीस चौरस फूट भिंतीत गेले. कागदावरचे १,००० फूट राहायला मिळत नाहीत, ते यामुळे.

राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे राहण्याची खोली किमान साडेनऊ चौरस मीटर आणि स्वयंपाकघर साधारण पाच चौरस मीटर असावे. जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर उंच व किमान २५ सेंटिमीटर रुंद असावी. मजल्याची उंची ३ मीटर असेल, तर १६ चढ लागतील. उंच पायऱ्या करून जागा वाचते, पण ती आजीच्या गुडघ्यांवर वसूल होते.

आखताना एवढे लक्षात ठेवा :

१. वडीलधाऱ्यांची खोली तळमजल्यावर, शौचालयाजवळ हवी. मध्ये पायरी नको.

२. स्वयंपाकघर व न्हाणीघर एका भिंतीशी आले, तर नळ कमी लागतात व गळती लवकर सापडते.

३. जिना, माळा, कोठी पश्चिमेला घ्यावी. मे महिन्यातील दुपारचे ऊन त्यांना सोसू द्या.

४. मुलांना वेगळी खोली नसली तरी चालेल, पण खिडकीजवळ अभ्यासाची एक ठरलेली जागा हवीच.

५. छताचे पाणी जमिनीत मुरवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ६० चौरस मीटर छतावर ९०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५४,००० लिटर होते. नर्मदेचे पाणी दुरून, मोठ्या खर्चाने उपसून आपल्या शहरात येते. हे तर दारातच येते.

नकाशा मंजूर होण्यापूर्वी घरातील सर्वांनी तो पाहावा. विशेषतः आईला विचारावे, कारण ओटा किती उंच हवा हे तिलाच ठाऊक असते. भिंत उभी राहिल्यावर बदल केला, तर बांधण्याचे, पाडण्याचे आणि पुन्हा बांधण्याचे, असे तीनदा पैसे जातात.

हॉल अनेकदा वास्तुशांतीला येणाऱ्या पाहुण्यांचा विचार करून मोठा केला जातो. पाहुणे एक दिवस येतात, हप्ते वीस वर्षे चालतात. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे वाडवडील सांगत आले आहेत. अरण्यमधील एका खोलीचे घर आम्हाला हेच सांगते, की लहान घराने सुरुवात करण्यात कमीपणा नाही.

गृहपाठ

इयत्ता सातवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी टेपने आपले घर मोजावे. आलेख कागदावर एक चौकोन म्हणजे एक फूट धरून नकाशा काढावा. कोणती जागा रोज वापरली जाते व कोणती क्वचित, ते दोन रंगांत दाखवावे. मग २० बाय ४० फुटांच्या प्लॉटवर आपल्या कुटुंबासाठी घर आखावे. त्यात आज काय बांधायचे व पाच वर्षांनी काय, हे वेगळे लिहावे. कागद वर्गशिक्षकांकडे द्यावा.

ज्या पालकांचे घर यंदा सुरू होत आहे, त्यांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा. नकाशावर सही करण्यापूर्वी एकदा मुलांचा कागदही पाहावा.

— प्राचार्य