पुण्याहून कोइमतूरला, त्याच चार टायरांवर

माझी गाडी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, चाकणच्या कारखान्यात तयार झालेली. युरोपातली मंडळी हिला हॉट हॅच म्हणणार नाहीत. पण रोज ऑफिसला नेता येईल आणि सुट्टीत ट्रॅकवरही पळवता येईल अशी छोटी गाडी ज्यांना हवी होती, त्यांतल्या अनेकांची आपल्याकडची सुरुवात हिच्यापासून झाली. २०२२ मध्ये पोलोचं इथलं उत्पादन थांबलं, तरी ट्रॅक-डेच्या रांगेत ती अजून दिसतेच.

टायर बदलायची वेळ आली की मित्रांचे फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : सगळ्यात जास्त ग्रिप कोणत्या टायरला? माझ्या लेखी हा प्रश्न तिसरा-चौथा आहे. ग्रिप सुटायच्या आधी टायर किती इशारा देतो, आणि भर पावसात त्यातली किती ग्रिप उरते, हे आधी विचारावं. इतक्या वर्षांत जे हाताला लागलं ते पुढे क्रमाने लिहितो.

१. ट्रॅकपर्यंतचा रस्ता हिशेबात धरा

महाराष्ट्रात कोल्हापूरला मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे, आणि हात साफ करायला तो फार चांगला आहे. पण मोठ्या सर्किटवर गाडी घालायची तर पुण्या-मुंबईच्या माणसाला दूर जावं लागतं. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचं ३.७ किलोमीटरचं सर्किट, ग्रेटर नोएडाचं ५.१ किलोमीटरचं बुद्ध सर्किट, आणि माझं आवडतं म्हणजे कोइमतूरचं करी मोटर स्पीडवे. मारुतीचं इंजिन घेऊन ‘फॉर्म्युला मारुती’ गाड्या घडवणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय. लांबी २.१ किलोमीटर, म्हणजे लहानच. पण वळणामागून वळण येत राहतं आणि पुढच्या टायरांना दम घ्यायला फुरसत मिळत नाही.

पुण्याहून तिथं जायला सुमारे १,२०० किलोमीटर आणि यायला तेवढेच. ट्रॅकवर दिवसभरात फार तर शंभर-सव्वाशे किलोमीटर होतात. गाडी ट्रेलरवर घालून नेणारे थोडे. आपण त्याच टायरांवर जातो आणि त्याच टायरांवर परत येतो. सेमी-स्लिक, म्हणजे ट्रॅकसाठीचा कमी नक्षीचा टायर घालून हा प्रवास केला तर त्याचं महागडं मऊ रबर हुबळी आणि सेलमच्या दरम्यानच झिजायला लागतं. सिमेंटच्या रस्त्यावर त्यांचा आवाजही असा येतो की शेजारच्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. म्हणून टायर निवडताना मी आधी एक्सप्रेसवे, मग पावसाळा आणि मग ट्रॅक असा क्रम लावतो.

२. पुढचे दोनच बदलू नका

सगळ्यात जास्त कळकळीने सांगावंसं वाटतं ते हे. पोलो काय, आय२० एन लाइन काय, या गाड्यांचं इंजिन पुढची चाकं ओढतं. ओढायचं, वळायचं आणि ब्रेकचा मोठा भार पेलायचा, सगळं पुढच्या दोन टायरांवर. साहजिकच तेच आधी संपतात. टायरवाला वाकून बघतो, मागच्या नक्षीवर अंगठा फिरवतो आणि सांगतो, “साहेब, पुढचे दोन टाका, मागचे अजून आरामात पंधरा हजार चालतील.” त्याचं म्हणणं खोटं नसतं, आणि खर्चही निम्म्यावर येतो.

पण पुढे नवे, चिकट टायर आणि मागे जुने, कडक झालेले, अशी जोडी झाली की गाडीचा स्वभाव पालटतो. वळणात वेग जास्त वाटला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो. त्या क्षणी वजन पुढे झुकतं. पुढचे टायर आणखी घट्ट धरतात, मागचे हलके होतात आणि मागची बाजू सरळ बाहेर निघते. ट्रॅकवर बाजूला मोकळी जागा असते, गाडी फिरते, धूळ उडते, मार्शल झेंडा दाखवतो. खंबाटकी घाटाच्या उतारावर ओल्या रस्त्याला ती जागा नसते. पुढच्या टायरांची ग्रिप आधी गेली तर गाडी नुसती सरळ जाऊ लागते. वेग कमी केला की बहुतेकांना ती सावरता येते. मागची सुटलेली गाडी सावरणं हे शिकलेल्याचं काम. जास्त नक्षीचे टायर मागे घाला असं टायर कंपन्या सांगतात ते याचसाठी.

म्हणून चारही टायर एकाच वेळी घ्यावेत, एकाच कंपनीचे आणि एकाच मॉडेलचे. पाच-सात हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करत राहावं, म्हणजे चारही साधारण एकत्र संपतात. साइडवॉलवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर टायर त्याच बाजूला ठेवून पुढे-मागे करायचा. ‘आउटसाइड’ लिहिलेला, आतली-बाहेरची नक्षी वेगळी असलेला टायर मात्र डावी-उजवीकडेही बदलता येतो. ट्रॅकवर जाणाऱ्याला हा दुसरा प्रकार सोयीचा, कारण सर्किटवर ज्या बाजूला वळणं जास्त, तिच्या विरुद्ध बाजूचा पुढचा टायर कायम जास्त झिजतो.

३. माप वाढवताना साइडवॉल मोजा

माझ्या गाडीचं मूळ माप १८५/६० आर१५. याचा व्यास साधारण ६०३ मिलिमीटर आणि रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची उंची १११. त्याच रिमवर १९५/५५ आर१५ बसतो : व्यास ५९६ च्या आसपास, म्हणजे सव्वा टक्क्याचाही फरक नाही, आणि उंची १०७. जमिनीला टेकणारी रुंदी थोडी वाढते, साइडवॉल किंचित ताठ होते, स्पीडोमीटरला विशेष कळत नाही. मला हाच बदल सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

२०५/४५ आर१६ दिसायला देखणा. व्यासही फक्त दोन टक्के कमी. पण रबराची उंची ९२ वर येते, आणि ते कमी झालेले १९ मिलिमीटर पुण्यातला प्रत्येक खड्डा वसूल करतो. आधी साइडवॉलला फुगा, नंतर रिमला वाकडेपणा. ज्यांना मोठं चाक हवंच आहे त्यांनी लोड इंडेक्स बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ८४ म्हणजे एका टायरवर ५०० किलो, ८३ म्हणजे ४८७. मूळ टायरपेक्षा कमी आकड्याचा टायर कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी नको. वेगाच्या अक्षरात टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर. ट्रॅकसाठी मी एचच्या खाली जात नाही. तेवढा वेग गाठायचा असतो म्हणून नव्हे. वरच्या अक्षराच्या टायरला जास्त उष्णता सोसेल अशी बांधणी द्यावी लागते, तिचा उपयोग होतो.

४. ट्रेडवेअरचा आकडा वाचा, पण बेताने

बाहेरून येणाऱ्या बऱ्याच टायरांवर ट्रेडवेअरचा आकडा असतो. ही अमेरिकेतली पद्धत आहे : १०० हा पाया, आकडा जितका मोठा तितका टायर जास्त टिकाऊ. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एसला ३००, त्याच घराण्यातल्या कप २ ला १८०, योकोहामाच्या ॲडव्हान निओव्हा एडी०८आरला १८०, टोयोच्या आर८८८आरला १००. यावरून टायरची जात कळते. २०० च्या खाली गेलात की ट्रॅककडे झुकलेलं रबर आलं, १०० म्हणजे रस्त्यावर कायद्याने चालणारा पण मनाने ट्रॅकचाच टायर. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची थेट तुलना करू नये.

मी त्याहून जास्त मान देतो तो युरोपच्या लेबलवरच्या ओल्या रस्त्याच्या अक्षराला. २०२१ पासून ही पट्टी ए ते ई अशी आहे. ए किंवा बी नसेल तर माझ्याकरता तो टायर बाद. सह्याद्रीच्या कुशीत चार महिने पाऊस झेलणाऱ्याने या अक्षरावर तडजोड करू नये.

५. मिळेल तो घ्यायचा नाही, पण मिळतो का ते आधी बघायचं

१५ इंचांत चांगला स्पोर्ट टायर मिळणं अवघड होत चाललंय, कारण नावाजलेल्या मॉडेलांची बहुतेक मापं १७ इंच आणि त्यापुढची. त्यातून जून २०२० मध्ये केंद्र सरकारने टायरची आयात ‘प्रतिबंधित’ यादीत घातली. परवान्याशिवाय माल येत नाही, म्हणून आज दुकानात दिसलेलं मॉडेल सहा महिन्यांनी असेलच याची खात्री नाही. एखादा टायर खड्ड्यात फुटला तर त्याच्या जोडीचा मिळाला पाहिजे. नाहीतर दुसऱ्या मुद्द्यात सांगितलेली बेमेळ जोडी नाइलाजाने गळ्यात पडते.

दुकानात गेल्यावर साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे स्वतः वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. दोन वर्षांहून जुना मी घेत नाही, मग सवलत कितीही असो. स्पोर्ट टायरचं सगळं बळ रबराच्या मऊपणात असतं, आणि गोदामात पडून ते कडक होत जातं. आयएसआयचं चिन्हही बघा. आपल्याकडे ते बंधनकारक आहे.

६. हवा : खडू आणि गेज

टायर निवडणं दुकानात संपत नाही. त्याच टायरमधून हवेच्या जोरावर दोन वेगळे टायर काढता येतात. बंद टायरमध्ये दर पाच-साडेपाच अंश तापमानाला साधारण १ पीएसआय हवा वाढते. सकाळी ३० वर सोडलेला पुढचा टायर जोरकस पाच-सहा फेऱ्यांनंतर ३७ दाखवतो. टायर फुगतो, मधलाच पट्टा जमिनीला टेकतो आणि वळणात गाडीचं नाक बाहेर पळायला लागतं.

योग्य आकडा कोणता हे गाडी आणि टायर मिळून सांगतात. त्यासाठी साधा खडू पुरतो. सेशनला निघायच्या आधी टायरच्या खांद्यावर, म्हणजे जिथं नक्षी संपून साइडवॉल सुरू होते तिथं, आडवी जाड रेघ ओढायची. त्याच जागी बहुतेक टायरांवर एक बारीक त्रिकोण कोरलेला असतो. चार-पाच फेऱ्या मारून थेट पिटमध्ये यायचं आणि खाली बसून बघायचं. खडू त्रिकोणापर्यंत पुसला गेला असेल तर हवा बरोबर. त्रिकोण ओलांडून साइडवॉलवरचाही पुसला असेल तर टायर वळणात लोळतोय, हवा वाढवा. नक्षीच्या कडेलाच खडू शाबूत असेल तर हवा जास्त झालीय, दोन-दोन पीएसआय कमी करत चला. गेज मात्र स्वतःचं हवं आणि मोजायचं गाडी थांबल्या थांबल्या. चहा पिऊन येईपर्यंत आकडा बदललेला असतो.

आता यातला धोका. गरम टायरमधून काढलेली हवा संध्याकाळी परत भरायला हवी. ट्रॅकवर गरम असताना ३२ वर आणलेला टायर दुसऱ्या दिवशी पहाटे २५-२६ वर असतो. तशा टायरवर डिकी भरून, ताशी शंभरने, उन्हात हायवेला लागणं म्हणजे साइडवॉलला दर फेरीला वाकवून तापवत नेणं. उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेकदा कमी हवेमुळे आणि वेगामुळे. पोलोच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आत कंपनीने हवेचे आकडे लिहिलेत, लोड असताना आणि नसताना. परतीच्या प्रवासाला तेच.

निघण्यापूर्वी चारही टायरांवर हात फिरवा. ट्रॅकवर पडलेल्या रबराच्या गोळ्या चिकटून स्टिअरिंग थरथरतं. त्या गोळ्या हायवेवर निघून जातात. पण कापलेली साइडवॉल किंवा फुगा त्याच वेळी सापडायला हवा.

७. अलाइनमेंटशिवाय महाग टायर लावू नका

पोलोच्या पुढच्या चाकांना कंपनीकडून कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, अगदी थोडा मिळतो. ट्रॅकवर त्यामुळे टायर बाहेरच्या कडेने खातात, मधली आणि आतली नक्षी छान असताना टायर टाकून द्यावा लागतो. कॅम्बर बोल्ट घालून उणे दीड अंशापर्यंत गेलं की झीज बरीच सारखी होते. रोजच्या वापरात तेवढ्या कॅम्बरने टायर आतून खूप खातील ही भीती मला अवास्तव वाटते. रस्त्यावर टायर खरा खातो तो चुकलेल्या टोमुळे, म्हणजे चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असल्यामुळे. टो शून्याजवळ ठेवा आणि चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटरला आवळा.

८. तीन मिलिमीटर

कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. कोरड्या ट्रॅकवर तेवढ्या नक्षीचा टायर उलट मजा देतो : उरलेले ठोकळे बुटके, म्हणून हलत नाहीत. पण पाणी साचलेल्या एक्सप्रेसवेवर ते पाणी बाहेर टाकायला खोली लागते. मे अखेरीस तीन मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल तर मी पावसाळ्याआधीच बदलतो. सेमी-स्लिक टायर नवा असतानाच कमी खोलीचा असतो, त्याने पावसाळा काढायचा विचारही नको.

९. परवडत असेल तर दोन सेट

वर्षातून अनेकदा ट्रॅकवर जाणाऱ्याला हाच खरा मार्ग. ५ बाय १०० मापाची जुनी १५ इंची अलॉय रिम मिळतात. मागची सीट पाडली की पोलोत चार चाकं, जॅक आणि पाना बसतो. रस्त्याला ओल्यात चांगला पकडणारा टूरिंग टायर, ट्रॅकला ट्रेडवेअर १८० चा. दोन्ही सेट जास्त टिकतात. फक्त एक लक्षात ठेवा : ग्रिप वाढली की ब्रेक, बेअरिंग आणि गिअरबॉक्सवरचा ताणही वाढतो, आणि जीटीचा सात गिअरचा डीएसजी कोरड्या क्लचचा आहे, तो तापू लागला की गाडी बाहेर घ्या.

१०. पहिल्यांदाच जात असाल तर

नवे टायर घेऊ नका. आहेत त्यांची नक्षी चार मिलिमीटर असेल, वय पाच वर्षांच्या आत असेल, फुगा-चीर नसेल, तर त्यांवरच जा. साधा टायर लवकर किंचाळतो, हळूहळू सुटतो आणि तेही कमी वेगात. कुठं चुकलं ते समजायला वेळ मिळतो. चिकट टायर बराच वेळ गप्प धरून ठेवतो आणि सुटतो तेव्हा वेग बराच पुढे गेलेला असतो. टायरचे वाचलेले पैसे ताज्या ब्रेक फ्लुइडवर, चांगल्या पॅडवर आणि शेजारी बसून शिकवणाऱ्या प्रशिक्षकाच्या फीवर घाला.