गाव सोडलेल्या मुलाची गोष्ट

ऐतिहासिक बालकादंबरी म्हटले की आपल्यासमोर गड, तलवारी आणि स्वाऱ्या उभ्या राहतात. परंतु बोचकी बांधून गाव सोडणाऱ्या कुटुंबालाही इतिहास असतो. लेसा क्लाइन-रॅन्सम या अमेरिकी लेखिकेची ‘फाइंडिंग लँग्स्टन’ (२०१८) ही छोटेखानी कादंबरी आम्ही अभ्यासासाठी निवडली, ती याच कारणाने.

काळ १९४६ चा. आईच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांचा लँग्स्टन वडिलांबरोबर अलाबामा सोडून शिकागोच्या ब्रॉन्झव्हिल वस्तीत येतो. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीयांनी अमेरिकेचा दक्षिण भाग सोडला. जमीनदाराचे न फिटणारे कर्ज, जमावाकडून होणाऱ्या हत्या, वेगळ्या शाळा, वेगळे पाणवठे ही त्यामागची कारणे आपल्या वाचकांना फोड करून सांगण्याची गरज नाही.

लेखिकेचा प्रामाणिकपणा असा, की तिने शहराला स्वर्ग केलेले नाही. गोऱ्या वस्त्यांतील घर कृष्णवर्णीयांना विकू वा भाड्याने देऊ नये, अशी कलमे शिकागोत खरेदीखतांतच घातली जात. न्यायालयांनी ती अमलात आणू नयेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय १९४८ चा. त्यामुळे सारी गर्दी ब्रॉन्झव्हिलमध्ये दाटलेली. त्याहून बोचते ते पुढचे. शाळेत लँग्स्टनला ‘खेडवळ’ म्हणून छळणारी मुले त्याच्याच रंगाची आहेत. आधी आलेला नंतर आलेल्याला हसतो! वसतिगृहात नव्याने दाखल झालेल्या मुलाच्या बोलीला काय वाट्याला येते, हे माजी विद्यार्थ्यांनी आठवून पाहावे.

त्या मुलांना चुकवीत तो हॉल ग्रंथालयाच्या दाराशी पोहोचतो. हे ग्रंथालय खरेखुरे आहे. ते १९३२ मध्ये उघडले आणि व्हिव्हियन हार्श या कृष्णवर्णीय ग्रंथपाल त्याच्या प्रमुख होत्या. अलाबामात त्याला ग्रंथालयात प्रवेश नव्हता, येथे पुस्तक घरी नेता येते. तेथेच त्याला लँग्स्टन ह्यूज हा कवी भेटतो, आणि आईने आपले नाव कोठून घेतले याचा उलगडा होतो. गाव सोडताना जी आई मागे राहिली असे त्याला वाटत होते, ती त्याला परक्या शहरातील कपाटात सापडते. कादंबरीचा हा भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो.

त्याच १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघापुढे मांडलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै रोजी उत्तरही दिले. वर्गात ही कथा सांगताना शिक्षकांनी या पत्राचा उल्लेख अवश्य करावा.

पालकांनाही एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे गिरणी, गोदी किंवा रेल्वेच्या कामासाठी मुंबईला गेले. घरातून प्रथम कोण निघाले, सोबत काय नेले, कोणाला मागे ठेवले आणि पहिल्या रात्री कोठे निजले, हे मुलांना घरातील वडीलधाऱ्यांकडून वहीत उतरवून घेऊ द्यावे.