हात मागे बांधून

आमच्या धारणीत सफरचंद हे दवाखान्याचं फळ. कुणी भरती झालं की भेटायला जाणारा बिस्किटाचा पुडा घेतो, नाहीतर अर्धा किलो सफरचंद. घरी सगळे धडधाकट असताना पिशवीत सफरचंद दिसलं तर शेजारीण विचारते, ‘‘कोणाले बरं नाही वं?’’ मेळघाटात मोह आहे, सीताफळ आहे, चारोळी आहे. सफरचंदाचं झाड इथल्या पोरांनी फक्त चित्रात पाहिलेलं. तरी अक्षरओळख सुरू होते ती ‘ए फॉर ॲपल’नेच.

चौथीतल्या लेकीने एक दिवस विचारलं, ‘‘आई, ते ॲपलच का?’’ शोधायला गेले तर गंमत निघाली. इंग्रजी मुळाक्षरांच्या एका जुन्या गाण्यात ए म्हणजे नुसतं सफरचंद नाही, सफरचंदाचा पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत फोडी भरून भाजलेला ‘ॲपल पाय’. त्या गाण्याचा उल्लेख १६७१ सालचा आहे, आणि केट ग्रीनअवे या चित्रकर्तीने १८८६ मध्ये त्याचं सुरेख पुस्तक केलं. पुढची सगळी अक्षरं त्या एका पायवर तुटून पडतात. कुणी चावतं, कुणी कापतं, कुणी त्याच्यासाठी मारामारी करतं. हे ऐकल्यावर लेक म्हणाली, ‘‘मग आपण करू.’’

ज्या तालुक्याचं नाव वर्तमानपत्रात बहुतेकदा कुपोषणाच्या बातमीत छापून येतं, तिथे बसून पायच्या गप्पा मारणं बरं दिसत नाही, हे मला कळतं. पण मला सांगायचंय ते सफरचंदाबद्दल कमी आणि आपल्या हातांबद्दल जास्त आहे.

आई-बाबांनो, आता जे सांगते ते जरा हळू आवाजात. दोन वर्षांपूर्वी घरी पाहुणे होते. लेकीने हौसेने चार पोळ्या लाटल्या. एक आफ्रिकेसारखी, एक मधे फाटलेली. मी तिच्यासमोरच त्या मोडल्या, उंडा करून पुन्हा लाटल्या. रागावले नाही, उलट हसत हसतच केलं. तिने लाटणं ठेवलं आणि बाहेर गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती स्वयंपाकघरात पाणी प्यायलाच काय ती यायची. माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. सासूबाईंनी दाखवून दिलं.

म्हणून या वेळी मी ठरवलं होतं की हात मागे बांधायचे. ते किती अवघड असतं हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पायची पारी आपल्या कणकेच्या अगदी उलट्या स्वभावाची. पोळीची कणीक जितकी मळाल तितकी चांगली. इथे मळलं की बिघडलं. पाव किलो मैद्यात सव्वाशे ग्रॅम थंड, घट्ट लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, रव्यासारखं झालं की तीन-चार चमचे गार पाणी शिंपडून नुसतं गोळा करायचं आणि अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचं. लोण्याचे बारीक कण पिठात तसेच राहिले तरच पारी खुसखुशीत होते. मळत बसलं तर पिठाला चिवटपणा येतो. लेक अर्थातच जीव लावून मळायला लागली. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा माझा हात परातीत गेलाच. मागून सासूबाई म्हणाल्या, ‘‘राहू दे वं, करू दे तिले.’’

सफरचंदं आमच्याकडे मिळतात ती लाल, गोड, मऊ. फिलाडेल्फियाहून १९०४ साली भारतात आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी पुढे हिमाचलात कोटगढला अमेरिकी जातीची लाल सफरचंदं लावली आणि त्या डोंगराचं नशीब पालटलं. पण ती जात खाण्याची, भाजण्याची नव्हे. शिजली की लगदा होतो. आंबट, कडक सफरचंद मिळालं तर सोनं. नाहीतर चार सफरचंदांच्या जाड फोडींवर एक लिंबू पिळायचं. साखर पाऊण वाटीच्या आत, दालचिनी चिमूटभर, सुटणारा रस आळायला चमचाभर कॉर्नफ्लोअर. सुरी लेकीच्या हातात होती, मी शेजारी होते. तेवढी पहारेदारी आईने करावीच.

पारी ताटलीत बसवताना फाटली. तिने उरलेल्या पिठाचा तुकडा घेऊन, भिंत लिंपावी तसं थापलं. ते भोक नंतर गळणार हे मला स्वच्छ दिसत होतं. मी ओट्याला टेकून उभी राहिले, हात पाठीमागे. एक सांगू? अशा वेळी ‘चार भाग केले तर एक म्हणजे किती’ असलं काही विचारू नका. अपूर्णांक शाळेत होतील.

ओव्हन आमच्याकडे नाही. जर्मनचा जाड गंज घेतला, तळाशी बोटभर मीठ, त्यावर जाळी, दहा मिनिटं तापवून मग ताटली आत आणि वर झाकण. मंद आचेवर तासभर. खालून पाय छान शिजला, वर मात्र आजाऱ्यासारखा पांढरा. गंजात आच फक्त खालून लागते, वरच्या पारीला रंग यायचा कसा? लेकीचे डोळे भरून आले. मी इंटरनेटवर काही सापडतं का बघत होते, तोवर सासूबाई मागच्या अंगणात चूल पेटवायला गेलेल्या.

ज्यांनी आयुष्यभर गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजले, त्यांना वरची आच शिकवावी लागत नाही. रोडगा चहूबाजूंनी निखाऱ्यात असतो, म्हणून पदरन् पदर शिजतो. गोव्यात बेबिंकाचे थरही वरून निखारे देऊनच भाजत आले आहेत. सासूबाईंनी गंज बाहेर नेला, झाकण काढून सपाट लोखंडी तवा ठेवला आणि चिमट्याने त्यावर निखारे रचले. लेकीला चार हात लांब उभं केलं. वीस-पंचवीस मिनिटांत लोण्याचा आणि दालचिनीचा वास कुंपणापलीकडे गेला. शेजारीण डोकावलीच. या वेळी कोणाले बरं नाही, असं विचारलं नाही.

लिंपलेल्या भोकातून रस गळला होता. तिथे कडेला काळी, कडसर चिक्की जमली होती.

पाय गार होऊ द्यायचा असतो, म्हणजे आतला रस आळतो. कोण थांबतंय! लेक आठ सारखे तुकडे करायला सुरी घेऊन बसली. तेवढ्यात आजीने रोडगा फोडावा तसा हाताने एक तुकडा मोडला, वर तुपाची धार सोडली आणि ती काळी कड आधी तोंडात टाकली. डोळे मिटून चावत राहिल्या.

‘‘हे कोणं लिंपलं?’’

‘‘मी,’’ लेक दबकत म्हणाली.

‘‘इथलंच द्या मले अजून.’’

लेकीने सुरी बाजूला ठेवली आणि हातानेच मोडायला घेतलं.