पांढऱ्या खुणांची वाट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पूर्व भागात ॲपलेशियन नावाची पर्वतांची रांग पसरलेली आहे. या रांगेच्या माथ्यावरून आणि तिच्या दऱ्याखोऱ्यांतून एक पायवाट जाते. दक्षिणेस जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतावर तिचा आरंभ होतो आणि चौदा राज्ये ओलांडून उत्तरेस मेन राज्यातील कताडिन शिखरावर ती संपते. तिची लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर आहे.

बेंटन मॅकाय या वनविद्येच्या जाणकाराने १९२१ साली एका लेखात अशा वाटेची कल्पना मांडली. १९२३ साली न्यूयॉर्क राज्यात बेअर पर्वताजवळ तिचा पहिला भाग खुला झाला आणि १९३७ साली ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडली गेली. पांथस्थाने वाट चुकू नये म्हणून झाडांच्या बुंध्यांवर व खडकांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगविलेले असतात. एकावर एक असे दोन पट्टे दिसले, की पुढे वळण आहे असे समजावे. पाणवठ्याकडे किंवा निवाऱ्याकडे नेणाऱ्या आडवाटांवर निळे पट्टे असतात. वाटेची पुष्कळशी डागडुजी स्वयंसेवकच करतात.

ही वाट एका दमात चालून जाण्यास पाच ते सात महिने लागतात. १९४८ साली अर्ल शॅफर हा सैन्यातून परतलेला तरुण ती तशी चालून गेला. १९५५ साली एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या आजीबाई घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून एकट्याच कताडिनवर पोहोचल्या. या दोघांची कीर्ती मोठी आहे. परंतु सारी वाट पायांखाली घालणारा पहिला पुरुष म्हणून ज्याची नोंद आहे, तो मायरन एव्हरी हा व्यवसायाने वकील होता. सवड मिळेल तेव्हा तो डोंगरात जाई, मोजणीचे चाक पुढे ढकलीत अंतर मोजी आणि पुन्हा आपल्या कामावर हजर होई. अशा रीतीने तुकड्यातुकड्यांनी त्याने १९३६ साली वाट पुरी केली.

एव्हरीच्या या रीतीने जाणारे आजही पुष्कळ आहेत व त्यांत पतिपत्नींच्या जोड्याही असतात. दोघांना नोकरी, घरी मुले, कदाचित वृद्ध आईवडीलही. सहा महिने घर सोडणे त्यांना कसे शक्य व्हावे? तेव्हा ती शनिवार-रविवार निघतात. वर्षातून पाच वेळा निघून रोज १६ किलोमीटर चालले, तर वर्षाकाठी १६० किलोमीटर होतात. या हिशेबाने सारी वाट संपण्यास जवळजवळ बावीस वर्षे लागतील. चाळिशीत आरंभ करणाऱ्या दांपत्याला साठी उलटल्यावर कताडिनचे दर्शन होणार! आणि हा हिशेबही फसवाच आहे. घराजवळचा भाग संपला, की पुढील प्रत्येक तुकडा अधिक दूर जातो. मग शनिवारचा सारा दिवस प्रवासातच सरतो आणि वर्षाची रजा साठवून एकदाच आठवडाभर जावे लागते.

मोटारींची व्यवस्था हेही एक कोडेच असते. वाट सरळ पुढे जाते. मोटार मात्र मागे राहते. दोन मोटारी असतील, तर एक अगोदर शेवटच्या ठिकाणी उभी करून दुसरीने आरंभस्थानी यावयाचे. काही जोडपी निराळी युक्ती करतात. पतीने दक्षिणेकडून निघावे, पत्नीने उत्तरेकडून. मध्यावर भेट झाली, की किल्ल्यांची अदलाबदल करावी आणि प्रत्येकाने दुसऱ्याची मोटार घेऊन यावे. युक्ती सोयीची खरी; पण सोय झाली तरी सोबत गेली.

एका दमात जाणाऱ्याचे पाय काही आठवड्यांत निबर होतात, छाती चढणीला सरावते. तुकड्यांनी जाणाऱ्यांना हे सुख नाही. दर खेपेस पाय पुन्हा कोवळे झालेले असतात आणि फोड पुन्हा पहिल्यापासून येतात. त्यातच एकीचा गुडघा दुखावला आणि दुसऱ्याने तेवढा भाग एकट्यानेच उरकला, तर दोघांची वाट तेथे निराळी झाली. म्हणून पुष्कळ जोडपी आपल्यापुरता एक नियम करतात : एकाला चालवत नसेल, तर दोघांनीही थांबावे. गेल्या खेपेस जी पांढरी खूण शेवटची पाहिली, तिच्यापाशीच पुढची खेप सुरू करावयाची. मधले शंभर पावलांचे अंतरही सोडावयाचे नाही.

उत्तरेकडे मेन राज्यात तर या रीतीची कसोटीच लागते. तेथे सुमारे १६० किलोमीटरच्या अरण्यात वाटेवर एकही गाव लागत नाही. शनिवार-रविवारचा हिशेब तेथे चालत नाही. अन्न पाठीवर घेऊन कित्येक दिवस चालावे लागते. त्याच राज्यात केनेबेक नदी आडवी येते. वरच्या धरणातून पाणी सोडले, की ती पाहता पाहता चढते. १९८५ साली ती पायी ओलांडताना एक पदयात्री बुडाली. त्यानंतर तेथे नावेची सोय झाली. त्या नावेच्या तळाशीही एक पांढरा पट्टा रंगविलेला आहे! त्यामुळे नावेत बसलेला मनुष्यही वाटेवरच असतो, असे मानतात.

सारी वाट पुरी करणाऱ्यांची नोंद ॲपलेशियन पायवाटेची संस्था ठेवते. पाच महिन्यांत पुरी केली की तीस वर्षांत, ओळीने केली की मागेपुढे, हा भेद ती मानीत नाही. पुरावाही मागत नाही. चालणाऱ्याच्या शब्दावर तिचा विश्वास असतो.

क्रमाचे बंधन नसल्यामुळे अशा दांपत्याचा शेवट कताडिनच्या शिखरावरच होतो असे नाही. पेनसिल्व्हेनियातील खडकाळ भागातला एखादा तुकडा पावसामुळे दहा वर्षांपूर्वी राहून गेलेला असतो. दोन रस्त्यांमधील पाचसहा किलोमीटर. तेथे शिखर नाही की फलक नाही. सर्व राज्ये पाहून झाल्यावर ती दोघे पुन्हा तेथे येतात, त्या जुन्या खुणेचे झाड शोधतात आणि चालू लागतात.