नाव आणि पत

बाजारात वस्तू घेताना आपण वेष्टनावरील नाव पाहतो. ओळखीचे नाव दिसले की फारशी विचारपूस न करता दाम मोजतो. हा विश्वास कसा जोडला जातो आणि कसा ढळतो, हे कॅडबरी या नावाच्या इतिहासावरून चांगले कळते.

इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी जॉन कॅडबरी यांनी १८२४ साली दुकान थाटले. तेथे चहा, कॉफी व कोको मिळे. त्या काळी कोकोत पीठ मिसळण्याची रीत सर्रास होती. त्यांचे पुत्र रिचर्ड व जॉर्ज यांनी १८६६ साली निर्भेळ कोको विक्रीस आणला. गिऱ्हाइकांना शुद्धतेची प्रचीती आली आणि पेढीची पत वाढली. भारतातही हे नाव १९४८ पासून परिचित आहे.

कालांतराने या पेढीची मोठी कंपनी झाली. २०१० साली क्राफ्ट या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली. ब्रिस्टॉलजवळचा एक जुना कारखाना चालू ठेवता येईल, असे क्राफ्टने आधी सांगितले होते. परंतु खरेदी होताच काही दिवसांत तो बंद करण्याचे जाहीर केले. अशा व्यवहारांवर देखरेख करणाऱ्या ब्रिटिश मंडळाने तिच्यावर जाहीर ठपका ठेवला. २०१२ पासून हे नाव मोंडेलीझ या कंपनीकडे आहे. २०१५ साली ब्रिटनमधील ‘क्रीम एग’ या मिठाईचे कवच बदलले. पूर्वी ते ‘डेअरी मिल्क’ चॉकलेटचे असे. ते निराळ्या मिश्रणाचे झाले. पुडक्यातील नगही सहाचे पाच झाले. नाव तेच राहिले. पण लोक नाराज झाले.

असे का घडते? मोठे मोल देऊन नाव घेणारा ते मोल नफ्यातून वसूल करू पाहतो. भागधारकांनाही वाढता लाभ हवा असतो. मग एखादा घटक स्वस्त करण्याचा किंवा वजन घटवण्याचा मोह होतो. अर्थात प्रत्येक नवा मालक माल बिघडवतोच असे नाही. मोठ्या भांडवलामुळे कित्येकदा नवी यंत्रे येतात, तपासणीही अधिक चोख होते.

कारखाना, यंत्रे आणि नाव ही खरेदीखताने दुसऱ्याच्या हाती जातात. विश्वास मात्र खरेदीखतात लिहून घेता येत नाही. तो प्रत्येक मालकाला नव्याने मिळवावा लागतो. म्हणून मुलांनो, नाव वाचून थांबू नका. घटक, वजन आणि उत्पादकाचे नाव हेही वाचा. आपल्या देशात ते वेष्टनावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे.

स्वाध्याय
१. कॅडबरी बंधूंनी गिऱ्हाइकांचा विश्वास कसा मिळवला?
२. ‘नाव विकत घेता येते, पत घेता येत नाही’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.