बर्लिनची गायनसभा

आपल्याकडे भजनात सारेजण एकच चाल एका सुरात म्हणतात. युरोपातील समूहगायनाची रीत निराळी आहे. तेथे स्त्रियांचे उंच व खालचे, पुरुषांचे उंच व खालचे असे आवाजांचे चार वर्ग पाडतात आणि प्रत्येक वर्ग एकाच वेळी आपली स्वतंत्र चाल गातो. शेजारी निराळे काही चालले असता आपला सूर न सोडणे, आणि तरीही त्याचे ऐकत राहणे, ही त्यातील खरी कसोटी होय. एकट्याने गोड गाणारा तेथे टिकेलच असे नाही.

असे गायन हौसेने करणारी ‘झिंगअकाडेमी’ ही संस्था कार्ल फाश या संगीतकाराने १७९१ साली बर्लिन येथे स्थापन केली. सभासद पोटासाठी गाणारे नव्हते. नगरातील स्त्री-पुरुष फावल्या वेळी जमत व विस्मृतीत चाललेल्या जुन्या रचना बसवीत. १८०० साली फाश निवर्तला आणि संस्थेची धुरा त्सेल्टर याजकडे आली. हा त्सेल्टर धंद्याने गवंडी!

त्याचा अकरा वर्षांचा शिष्य फेलिक्स मेंडेल्सोन व फेलिक्सची थोरली बहीण फॅनी ही दोघे १८२० साली या मेळ्यात दाखल झाली. पुढे आजीने फेलिक्सला बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ची नक्कल भेट दिली. येशूच्या अखेरच्या दिवसांची ही कथा १७२७ साली लाइपझिगच्या चर्चमध्ये प्रथम गायिली गेली होती. नंतर ती जवळजवळ विसरली गेली. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद आणि जवळजवळ तीन तासांचे गायन! हौशी मंडळींना हे पेलेल काय? त्सेल्टरला ते अशक्य वाटले. फेलिक्स व त्याचा गायक मित्र देव्रिएंट परवानगी मागावयास गेले, तेव्हा त्याने त्यांना पोरे म्हणून झिडकारले. पण देव्रिएंट हटेना, आणि अखेर म्हातारा नमला.

फेलिक्सने बरीच गाणी गाळून रचना आटोपशीर केली. ११ मार्च १८२९ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, त्याने तिचे संचालन केले. फॅनी मेळ्यात गात होती. सभागृह तुडुंब भरले व शेकडो लोकांना परतावे लागले. म्हणून २१ मार्चला, बाखच्या जन्मदिनी, पुन्हा प्रयोग झाला. जमलेला पैसा गरीब मुलींच्या शिवणशाळांना देण्यात आला.

त्या सभागृहात आज नाट्यगृह आहे. गायनसभा अद्याप गाते. तिचा हस्तलिखितांचा संग्रह दुसऱ्या महायुद्धात नाहीसा झाला होता. तो १९९९ साली कीव्ह येथे सापडला आणि २००१ साली बर्लिनला परत आला.