बेझूचा सिद्धान्त आणि दुसरीतली बहीण

फ्रेंच गणिती एत्येन बेझू याने १७७९ साली ग्रंथात मांडलेला सिद्धान्त असा : ‘म’ आणि ‘न’ घाताचे दोन वक्र, त्यांत समाईक भाग नसल्यास, म × न बिंदूंत छेदतात, मात्र सारे बिंदू नीट मोजले पाहिजेत.

दुसरीतल्या बहिणीला सांगताना मी काडी आणि बांगडी घेतली. काडीचा अंक एक, बांगडीचा दोन. म्हणून भेटी दोन. काडी काठाला नुसती टेकली, तर तीच भेट दोनदा मोजायची. दोन लंबगोल आडवे-उभे ठेवले, की चार.

पण दोन बांगड्या दोनच ठिकाणी छेदतात! ‘‘उरलेल्या दोन कुठे?’’ तिने विचारले. त्या अनंतावरच्या संमिश्र बिंदूंत आहेत. ‘‘त्या डोळ्यांना दिसत नाहीत, बीजगणिताला दिसतात,’’ मी म्हणालो.

सोपे सांगावे, खोटे नव्हे. कॉलेजात पोचलेला घरातला मी पहिलाच. माझे चुकीचे सांगणे दुरुस्त करणारे तिथे दुसरे कोणी नाही.